सगळा दोष मास्टरिंगचा

६ सप्टेंबर
अल्बम आला. ‘ओला कातळ’. दरड बँडचा दुसरा अल्बम, पहिल्यानंतर तब्बल अकरा वर्षांनी. लोणावळ्यात रॉक बँड आहे म्हटलं की लोक अजून विचारतात, हळदीला वाजवता का? आता विचारणार नाहीत.

रज्जाक आणि गोरखला सकाळीच फोन केला. रज्जाक आमचा ड्रमर, माझा शाळेपासूनचा दोस्त, खंडाळ्याच्या एका हॉटेलात मेंटेनन्स बघतो. गोरख बास वाजवतो, कान्ह्यात त्याची पोल्ट्री आहे, आणि त्यातल्या रिकाम्या शेडमध्ये आमची प्रॅक्टिस चालते. दोघांना सांगितलं, तयारीत राहा, पुढच्या वर्षी टूर. गोरख म्हणाला, फेब्रुवारीत नको, पिल्लं येणारेत.

बोलताना त्याने दोनदा विचारलं, कोण बोलतंय? त्याच्या शेडला रेंज नाही. आवाज थोडा बसलाय माझा, पण तो लाँचचा ताण.

संकल्प: सिगरेट बंद. हातातलं पाकीट संपलं की.

९ सप्टेंबर
पहिला रिव्ह्यू! पुण्याच्या एका वेब मासिकात, प्रेरणा नावाच्या समीक्षिकेचा. लिहिते की ड्रम आणि बास जिवंत आहेत, पण गायकाचा आवाज ऐकवत नाही. तिसऱ्या गाण्यात, म्हणजे ‘खिंडी’त, तो गातोय की कण्हतोय तेच कळत नाही. ऐकता ऐकता आपलाच घसा दुखायला लागतो.

ऐकणाऱ्याचा घसा दुखतो! संगीताचा अंगावर एवढा परिणाम. यापेक्षा मोठी पावती कोणती? ‘ऐकवत नाही’ हे मात्र मास्टरिंगमुळे, म्हणजे रेकॉर्डिंगवर शेवटी आवाजाचा जो हात फिरवतात त्यामुळे. ते घाईत झालं.

बायकोला वाचून दाखवलं. सारिका म्हणाली, मे महिन्यापासून मी हेच सांगतेय, डॉक्टरला दाखव. सारिका शाळेत गणित शिकवते. संगीतात ती ढ आहे.

१४ सप्टेंबर
चाहत्यांच्या कमेंट येतायत. बहुतेक नुसत्या आगीची चित्रं. सविस्तर लिहिणारा एकच. नाव ‘घाटातला श्रोता’, फोटो नाही. म्हणे, सर, पहिल्या अल्बमपासून ऐकतोय, तुमचा आवाज असा नव्हता, घशाला दाखवून घ्या. खाली एक ओळ: ड्रमबद्दल मी काही बोलणार नाही.

विक्षिप्त दिसतोय. त्याला उत्तर दिलं, मित्रा, रॉकमध्ये याला टेक्स्चर म्हणतात. लगेच त्याचं आलं, टेक्स्चर चार-चार महिने मुक्काम करत नाही.

रज्जाकला विचारलं, कोण असेल हा? मला काय माहीत, म्हणाला आणि ड्रमचे स्क्रू आवळत बसला.

२० सप्टेंबर
प्रॅक्टिस. वरचा सूर लागला नाही. शेडमध्ये भुशाची धूळ फार. गोरख आणि रज्जाकने एकमेकांकडे बघितलं. कुणी काही बोललं नाही, आणि बोलणारही नाहीत. दरडचा एकच रूल आहे, कॉलेजात असताना मीच केलेला. ज्याचं वाद्य, त्याचं मत. दुसऱ्याच्या वाद्यावर कुणी तोंड उघडायचं नाही. बँड फुटतात ते मतांनी. गोरखने एकदा अख्खं गॅदरिंग चुकीच्या पट्टीत वाजवलं होतं, पण आम्ही हूं की चूं केलं नाही. म्हणून आजही एकत्र आहोत.

माझं वाद्य गळा. त्यावर मत माझं. माझं मत: उत्तम.

पाकीट संपलं. एक नवीन आणलंय, घरात पाहुण्यांसाठी असावं म्हणून.

२१ सप्टेंबर
‘घाटातला श्रोता’ची कमेंट: सर, काल वरचा सूर लागला नाही ना? हट्ट करू नका.

याला आमच्या प्रॅक्टिसचं कसं कळलं? शेडबाहेर लपून ऐकतो की काय? एवढी लोकप्रियता बरी नाही. ब्लॉक केला.

२ ऑक्टोबर
मुंबईच्या एका पॉडकास्टवर अल्बमची चर्चा झाली. पूर्ण पाच मिनिटं! एक जण म्हणाला, हा अल्बम म्हणजे एका आवाजाचा मृत्युलेख आहे. मृत्युलेख. किती नेमका शब्द. शेवटी कुणाला तरी संकल्पना कळली, जी मलाही इतकी स्पष्ट नव्हती. पोस्टरवर टाकणार. गोरख म्हणाला, पोस्टरवर ते बरं दिसणार न्हाई मह्या. डिझाइन त्याचं वाद्य नाही, हे त्याला नम्रपणे सांगितलं.

मध आणि हळद चालू. गिळताना कानात कळ येते. घाटातली थंडी कानातच शिरते.

८ ऑक्टोबर
खबर! गोरखच्या तोंडून निसटलं की भाज्याला त्याच्या आत्याकडे अल्बम रोज वाजतो. संध्याकाळी लावतात तो सकाळी उजाडेपर्यंत. प्रमोशनसाठी मी वाटलेल्या पेनड्राइव्हपैकी एक तिकडे गेला होता. शहरी समीक्षकांना जे कळलं नाही ते मावळच्या मातीला कळलं.

नवीन प्लॅन: लेण्यांच्या पायथ्याशी ओपन एअर शो. गोरख घाईघाईने म्हणाला, तू तिकडं जाऊ नको, आत्या आजारी आहे. म्हणजे जायलाच हवं.

११ ऑक्टोबर
भाज्याला गेलो. पोस्टर आणि सही केलेला फोटो नेला होता. आत्याबाई, मुक्ताबाई, ठणठणीत. भाताच्या बांधावर विळ्याने गवत कापत होत्या. इंद्रायणी भात लोंब्यांवर आलेलं, आणि शेताच्या मधोमध एका खांबावर भोंगा.

रानडुकरांसाठी लावलाय तो. डुकरं येऊन उभं भात लोळवतात, म्हणून आवाज लावून ठेवायचा. आधी फटाक्यांचा लावला, कुत्र्यांचा लावला, डुकरं भीक घालीनात. मग गोरखचा पेनड्राइव्ह. त्यातलं पहिलं-दुसरं गाणं काही कामाचं नाही, पण तिसरं लागलं की डुकरं शेपूट वर करून पळतात. बिबट्याही म्हणे असाच ओरडतो, लाकडावर करवत चालवल्यासारखा.

मी गायक असल्याचं सांगितलं. मुक्ताबाई बघतच राहिल्या. म्हणाल्या, तुमी व्हय? मला वाटलं गोरख्यानं वाघराचं रेकाड आनलंय. मग चहा केला, चहात आलं जरा जास्तच घातलं, आणि कप हातात देताना हळूच विचारलं, लय दुखतं का ओ दादा?

दुखत नाही म्हणालो. चहा गिळताना डोळ्यांत पाणी आलं. आलं जास्त झालं होतं.

परतताना विचार केला. कला ही जात, धर्म, भाषा ओलांडते असं आपण म्हणतो. इथे तर त्याच्याही पलीकडे गेली. फोटो मात्र तसाच परत आणला.

२५ ऑक्टोबर
बेसिनमध्ये थुंकी लाल. काल बीटाची कोशिंबीर होती. सारिका म्हणते, बीट परवा होतं. गणिताची बाई.

संध्याकाळी सारिका म्हणाली, तुला तुझ्या आवाजाचं काही नसेल, मला आहे. मला तो रोज ऐकायचाय. तिचा हात धरून सांगितलं, दिवाळीचा शो होऊ दे, मग नक्की. खरंच जाणार आहे. भीती वगैरे अजिबात नाही.

३ नोव्हेंबर
शो झाला. तुंगार्लीच्या एका रिसॉर्टच्या लॉनवर. ‘खिंड’ सुरू केलं आणि पहिल्या कडव्यातच आवाज बंद. बसला नाही, बंदच पडला. तोंड उघडं, आत नुसती हवा. रज्जाकने एक क्षण बघितलं आणि ड्रम हाणायला सुरुवात केली. थांबलाच नाही. हात घामाने निथळले तरी वाजवत राहिला, म्हणजे लोक माझ्याकडे न बघता त्याच्याकडे बघतील. सगळ्यात जास्त टाळ्या त्यालाच. आमच्या इतिहासातला सर्वोत्तम शो.

स्टेजमागे आलो तर रज्जाकने दंडाला धरून त्याच्या गाडीपर्यंत नेलं. गाडीत सारिका आधीच बसलेली, मांडीवर माझी दवाखान्याची जुनी फाइल. डॉक्टरांची वेळ कधीच घेऊन ठेवली होती दोघांनी. पुणं येईपर्यंत रज्जाक एक शब्द बोलला नाही. रूल पाळला त्याने. रूलमध्ये गाडीबद्दल काही नाही.

४ नोव्हेंबर
डॉक्टरांनी नाकातून कॅमेरा घातला. स्वरयंत्रावर गाठ. तुकडा काढून तपासायला दिलाय. काही नसेल, गाणाऱ्यांना होतात म्हणे गाठी. नेटवर वाचलं. नंतर नेट बंद केलं.

डॉक्टर म्हणाले, आवाज इतके दिवस असा आहे, तुम्हाला कुणीच काही बोललं नाही का?

कागदावर लिहून दिलं, कुणीच नाही. सारिका उठून बाहेर गेली.

१५ नोव्हेंबर
कॅन्सर.

अख्खं स्वरयंत्र काढावं लागेल. उन्हाळ्यात आला असतात तर नुसत्या शेकण्यावर, म्हणजे रेडिएशनवर भागलं असतं, असं डॉक्टर म्हणाले. उन्हाळ्यात आम्ही रेकॉर्डिंग करत होतो. तेव्हा वेळच नव्हता.

सिगरेट बंद केली. ही खरी.

प्लॅन: पुढचा अल्बम इन्स्ट्रुमेंटल.

२७ नोव्हेंबर
उद्या ऑपरेशन. दुपारी सारिका म्हणाली, काहीतरी बोल, काहीही. फोनवर रेकॉर्ड करून ठेवते. काय बोलावं सुचेना. एवढी गाणी लिहिली, आणि नेमकं आता सुचेना. शेवटी तिचं नाव घेतलं. करवतच चालली, पण तिने ते तीनदा घ्यायला लावलं.

मला भीती वाटते. इथे लिहायला हरकत नाही, इथे कोण वाचतंय.

८ डिसेंबर
हॉस्पिटल. श्वास आता गळ्याला पाडलेल्या भोकातून. सारिकाने शाळेतून पाटी आणलीय, तिच्यावर लिहून बोलायचं. अक्षर वाईट येतं. पाटी जुनी आहे.

रज्जाक रोज ड्यूटी संपली की येतो. आज बराच वेळ फोन हातात फिरवत बसला. मग म्हणाला, मह्या, तू मला ब्लॉक केलंस.

पाटीवर लिहिलं, कधी? त्याने फोन पुढे धरला. ‘घाटातला श्रोता’.

तोंडावर बोलता येत नव्हतं म्हणून हिकडून बोलत होतो, म्हणाला. तुझा रूल. तो मोडला तर तू बँड मोडशील असं वाटलं. मला बँड ठेवायचा होता. आता वाटतं, मोडायला पाहिजे होता. आणि शर्टाच्या बाहीने तोंड पुसत राहिला. एवढा मोठा गडी. सिस्टर आत आली आणि बघून परत गेली.

मला काहीतरी मोठं लिहायचं होतं. पाटीवर मावेना. त्याला अनब्लॉक केलं.

१९ जानेवारी
घरी. नाष्ट्याला पेज.

गोरख आला होता. मुक्ताबाईंनी पिशवीभर इंद्रायणी तांदूळ पाठवलाय आणि निरोप दिलाय. भात निभावलं, पण आता हरभऱ्यात डुकरं यायला लागलीत. तिसऱ्या गाण्याला भ्येत न्हाईत, सवय झाली त्यांना. तवा दादांना म्हनावं, येखादं नवीन भरून द्या. गोरखने त्यांना अजून काही सांगितलेलं नाही. मी लिहिलं, सांगू नको. बघू म्हणावं.

संध्याकाळी रज्जाक आला. सारिकाने दोघांना चहा दिला. माझा निववून. पाटी पुसून मोठ्या अक्षरात लिहिलं: आजपासून रूल रद्द. खरं सांग, अल्बम कसा झालाय?

त्याने पाटी वाचली. खाली ठेवली. पुन्हा उचलून वाचली. मला वाटलं, आता बोलेल. एवढ्या वर्षांचं सगळं बोलेल. मी टेकून बसलो आणि तयारी ठेवली.

शेवटी म्हणाला, चौथ्या गाण्यात माझे ड्रम जरा पुढे पळालेत.

मी लिहिलं, छे, ते मास्टरिंगमुळे वाटतं.