कोणाच्या रक्तात कोण

चिखला,
फेब्रुवारी १९८४

प्रिय वच्छला,

‘प्रिय’ सवयीनं लिहिलं गेलं, आता खोडत नाही. तुझा छापील लेख मिळाला, सोबतची आनंदाची चिठ्ठीही. आमच्या खाणीच्या वसाहतीत छत्तीसगडचं रक्त किती, इथल्या झाडीपट्टीचं किती, ते तू आमच्या रक्तातल्या खुणांवरून काढलंस म्हणे. वा गं वा! इथे नवा माणूस भेटला की आधी विचारतात, कोणत्या पाळीत आहेस. तुला मात्र प्रत्येकाच्या आजीचं गाव हवं होतं.

तू रक्त गोळा करायला आलीस तेव्हा घरोघरी मीच तुला घेऊन फिरले. सुई पाहून बायका दारं लावून घ्यायच्या. आईच पुढे झाली. आपल्या मंगलाची मैतरीण हाय, अंगात रगत कमी हाय का ते पाहून राहिली, घाबरता काहून, असं म्हणत तिनं आधी स्वतःचा हात पुढे केला. मग माझा भाऊ जागेश्वर, शेजारची रुखमा, सगळेच रांगेत बसले. निकाल कळवीन म्हणाली होतीस. आम्ही पोस्टमनची वाट पाहिली, मग विसरलो.

पुढच्या उन्हाळ्यात जागेश्वर-रुखमाचं लग्न झालं. तू आलीस, आमच्या पंगतीत जेवलीस, दोघांवर अक्षता टाकल्यास. त्यांचं बाळ आता चालायच्या वयाचं आहे, पण हातपाय सुजून टम्म होतात, रडून रडून आवाज बसतो. भंडाऱ्याच्या डॉक्टरांनी रक्त नागपूरला पाठवलं. सिकल आहे म्हणाले, रक्ताचा आजार. आईकडूनही आलं, बापाकडूनही; एकाकडूनच आलं असतं तर बाळ धडधाकट राहिलं असतं. रुखमा मलाच विचारते, ताई, त्या बाईनं आमचं रगत पाहिलं होतं ना?

आणि तुझ्या चिठ्ठीत काय? कोणाचा किती हिस्सा ते मोजायला सिकलची खूणच सगळ्यांत कामी आली! म्हणजे तुला ठाऊक होतं, बाई. बाटल्यांवर नावं तू माझ्यासमोर लिहिलीस. आमच्या आज्या कुठल्या ते जगाला सांगितलंस, आणि रुखमाला एक शब्द नाही? दगा दिलास तू आम्हाला. आई अजून विचारते, वच्छला कधी येणार. काय सांगू तिला?

पण हे पत्र भांडायला लिहिलेलं नाही. माझं लग्न ठरलंय, वसाहतीतल्याच भोजराजशी. त्या दिवशी रांगेत माझ्यामागेच बसला होता तो. अक्षय्यतृतीयेची तारीख धरली आहे आणि आई म्हणते, तुला बोलवायचंच. ये. पण अक्षता हातात घेण्याआधी कळव, माझ्या बाटलीत काय होतं आणि त्याच्या बाटलीत काय होतं.

तुझीच लिहायचं की नाही, ते उत्तर आल्यावर बघीन,
मंगला