पिवळी, राखाडी आणि ताईचं टेबल

शनिवार, ४ ऑक्टोबर

१. सकाळी घरची जुनी गाडी गेली. घेणारा कोपऱ्यावरचा बेकरीवाला.
२. बाबांनी त्याला किल्ली दिली. मग परत मागितली, डिकी उघडून आत काही राहिलं का पाहिलं, आणि पुन्हा दिली.
३. ताई रडली. मी रडले नाही.
४. पार्किंगची जागा एक. म्हणजे नवी गाडीही एकच – ताईची आणि माझी मिळून.
५. ताईला रोज फिरायला हवी. मला ट्रॅकवर पळवायला.
६. तरी स्पोर्ट्स कारच घ्यायची, यावर दोघींचं एकमत झालं. ताई का तयार झाली, अजून कळलेलं नाही.

संध्याकाळी बाबा रिकाम्या पार्किंगमध्ये खुर्ची टाकून बसले होते. "वारा छान येतो इथं. गाडी नाही घेतली तरी चालेल."

रविवार, ५ ऑक्टोबर

जुन्या गाड्या विकणाऱ्या मिशीवाल्यांच्या आवारात गेलो. सात गाड्या पाहिल्या, दोन उरल्या.

पिवळी: हलकी. सस्पेन्शन दगडासारखं. गिअर हाताने टाकायचे. मागे सीट नाही, एसी नाही. डिकीत दोन हेल्मेटं कशीबशी. मी आत बसले, स्टेअरिंग धरलं आणि हसू यायला लागलं. आवरलं. मिशीवाल्यांसमोर हसणं म्हणजे त्यांच्या हातात कोलीत देणं.

राखाडी: इंजिन दमदार, पण गाडी जड. गिअर आपोआप पडतात. चाल मऊ ठेवायची की कडक, ते एका बटणावर. मागच्या दोन सीट नावापुरत्या. त्या आडव्या केल्या की डिकी लांबच लांब.

लांब डिकी कशाला, तर टेबलासाठी. ताई फिजिओथेरपिस्ट. कंबर-गुडघेवाल्यांच्या घरी जाते, बरोबर घडीचं टेबल असतं. मी मोजून पाहिलं. राखाडीत ते आरामात जातं. पिवळीत डिकीत घाला, सीटवर घाला, तिरकं घाला – बाहेर येतंच.

"मग काय, डोक्यावर घेऊन फिरू?" – ताई.

"पेशंटला जमिनीवर झोपव."

"आणि उठवायला तू ये हं, मोजपट्टी."

(मला ती लहानपणापासून मोजपट्टी म्हणते. मी प्रतिकार सोडला आहे.)

मिशीवाले म्हणाले, "बघा, पिवळी रविवारची आणि राखाडी सोमवारची. तुमचा वार कुठला, ते तुम्ही ठरवा." हे वाक्य ते सगळ्यांना ऐकवत असणार. तरी चांगलं आहे.

मंगळवार, ७ ऑक्टोबर

टायरच्या प्रयोगशाळेत दिवसभर एकच टायर झिजवला. काम करताना डोक्यात मात्र शर्यत.

नोव्हेंबरमधली दोन तासांची. एक गाडी, दोन चालक, मध्ये अदलाबदल. तीन वर्षं मी काठावर उभी राहून दुसऱ्यांच्या टायरमधली हवा तपासली आहे. यंदा आमच्या लॅबमधल्या गणित्याबरोबर उतरायचं ठरलं होतं – आणि त्याची बदली झाली! आता गाडी नाही, जोडीदारही नाही. नावनोंदणी चोवीस तारखेला बंद. आधी गाडी. जोडीदार मिळेल.

घरी हे सांगितलेलं नाही. घरात बाकी सगळं दोघींचं आहे – कपाट, चार्जर, बाबा. ट्रॅक तेवढा माझा.

बुधवार, ८ ऑक्टोबर

बाबांचं मत: "लाल का नाही?"

गुरुवार, ९ ऑक्टोबर

पिवळी एक दिवसासाठी घरी आणली, रोजच्या वापरात कशी वाटते ते पाहायला. निष्कर्ष: गतिरोधक हा तिचा शत्रू. प्रत्येकावर पोट घासतं आणि आवाज असा येतो की रस्त्यावरचे लोक माझ्याकडे दयेने बघतात. दातांवर दात आपटतात. सिग्नलला शेजारच्या ट्रकचं चाक माझ्या कानाशी. मला प्रचंड आवडली.

संध्याकाळी बाबांना चक्कर हवी होती. आत गेले एका झटक्यात. चक्कर झाली. मग बाहेर येईनात.

"डावा पाय बाहेर काढा. हं. आता हनुवटी पुढे, गुडघ्यांवर हात, आणि एक-दोन-तीन –" ताई दवाखान्यातल्या आवाजात.

"तीन झालं. मी इथंच आहे."

"बाबा, ढुंगण सरकवा!"

"ते केव्हाच झोपलंय. माझं जेवण इथंच आणा."

शेवटी ताईने काखेत हात घालून त्यांना असं काही वळवलं की ते बाटलीच्या बुचासारखे सुटले. तिघंही पार्किंगमध्ये हसत उभे. मीही. जरा.

शनिवार, ११ ऑक्टोबर

ट्रॅक. दोन्ही गाड्या. मिशीवाले स्वतः आले, गाडीवर जीव म्हणून. ताईही आली – "माझाही अर्धा वाटा आहे, बघू दे तरी."

माझ्या फेऱ्या झाल्या. पिवळी राखाडीपेक्षा फेरीमागे चार सेकंदांनी वेगवान. अपेक्षेप्रमाणे. मी ताईला सांगणार होते की आकडे काय म्हणतात ते बघ, तेवढ्यात ट्रॅक सांभाळणारे मास्तर तिला म्हणाले, "तुम्ही नाही का बसत?"

ताईने हेल्मेट मागितलं. केस विस्कटतील का, विचारलं. आधी राखाडी घेतली, मग पिवळी. पिवळीची चौथी फेरी संपली आणि मास्तरांनी वेळ दाखवणारा पडदा माझ्याकडे वळवला.

माझ्याहून नऊ दशांश सेकंद कमी.

शेजारच्या सीटवर दोन्ही वेळा मिशीवालेच होते. माझ्या गाडीतून उतरले तेव्हा पाणी मागत होते. ताईच्या गाडीतून उतरले तेव्हा विचारत होते, "झाल्या का सगळ्या फेऱ्या?"

मग मला आठवलं – हवा! टायर तापले की आतला दाब चढतो, पकड कमी होते. माझ्या फेऱ्यांनंतर मी सवयीने चारही चाकांतली हवा थोडी सोडली होती. म्हणजे ताईला बरे टायर मिळाले. मीच दिले! हे सगळं मी तिला आकृती काढून समजावलं.

"असेल बाई," ती म्हणाली.

"असेल" म्हणजे काय!

रविवार, १२ ऑक्टोबर

ताई सकाळपासून गुणगुणते आहे. भांडी विसळताना ताटली दोन्ही हातांनी धरून वळवते, तोंडाने इंजिनाचा आवाज. बाबा मागून म्हणाले, "पुढे मोरी आहे, ब्रेक मार."

पुढच्या शनिवारी पुन्हा चाचणी, पिवळीतच. हवा समान, पेट्रोल समान.

मंगळवार, १४ ऑक्टोबर

सुट्टी घेतली. आज राखाडी एक दिवसासाठी. ताईबरोबर तिच्या पेशंटांकडे फिरले, टेबल मी वाहिलं. तिसरा मजला, लिफ्ट बंद. हे टेबल ती रोज उचलते, याची मी कधी नोंदच घेतली नव्हती.

पाठीचं दुखणं असलेल्या एका आजींना तपासणीसाठी हॉस्पिटलमध्ये सोडायचं होतं. मागच्या सीटवर बसवणं अशक्य, म्हणून त्या पुढे, मी मागे टेबलाशेजारी घडी होऊन. आजी पाच मिनिटांत घोरू लागल्या. सिग्नलला गाडी थांबली तेव्हा त्यांचं डोकं पुढे गेलं नाही. मी मुद्दाम बघत होते. एकदाही गेलं नाही.

उतरताना मला म्हणाल्या, "तू पण चालवतेस का गं?"

"हो."

"हिच्याकडून शीक."

शनिवार, १८ ऑक्टोबर

हवा समान. पेट्रोल समान. या वेळी आधी ताई, मग मी, म्हणजे तापलेल्या ट्रॅकचा फायदा मला. ताई तरीही चार दशांशांनी पुढे.

ब्रेक कसा दाबला याचे दोघींचे आलेख एकावर एक ठेवले. माझा म्हणजे भिंत: सरळ वर, सरळ खाली. तिचा म्हणजे टेकडी. ब्रेक सोडताना तर इतकी हळुवार उतरते की टायरला कळतसुद्धा नाही. मी दर वळणाला टायरला दचकवते. टायर दचकला की घसरतो. हे मी इतरांना शिकवते!

"तिसऱ्या वळणाला तू नक्की काय करतेस?" मी विचारलं.

"काही नाही गं. शेजारी मणक्याचा पेशंट बसलाय असं समजते."

"ट्रॅकवर?"

"नऊ वर्षं पेशंटना ने-आण करतेय. शेजारी कुणी नसलं तरी असतोच तो."

मला हसू फुटलं. आवरलं नाही. टायरच्या चळतीवर बसावं लागलं, डोळ्यांतून पाणी. मास्तर लांबून बघत होते. ताईला म्हणाले, "या हसतात?"

"वर्षातून एकदा. सर्व्हिसिंगला."

तिथेच लिहायचं थांबवावं असं वाटतंय. पण पुढेही झालं.

मास्तर ताईला म्हणाले की दंतवैद्यांच्या एका टीममध्ये एक चालक कमी आहे, दोन तासांच्या शर्यतीसाठी. तुमचं नाव सुचवू का?

"शर्यत? कसली शर्यत?" ताईने माझ्याकडे पाहिलं. मी आधीच तपासलेल्या टायरची हवा पुन्हा तपासत होते.

परत येताना:

"तुला माहीत होतं?"

"हो."

"तुला उतरायचं होतं?"

"बघू."

"मग मी जाऊ का त्यांच्यात?"

"जा की. तुझी मर्जी."

"बरं."



रविवार, १९ ऑक्टोबर

ताईने जाहीर केलं: पिवळीच घ्यायची. टेबल दवाखान्यात ठेवेन, घरोघरी जाणं कमी करेन, काही बिघडत नाही.

"आजींना कोण नेणार?" मी. "राखाडीच घ्यायची."

"अगं, पण तुला पिवळी हवी होती ना!"

"आणि तुला राखाडी."

"चार सेकंद आहेत चार!"

"तिसरा मजला आहे तिसरा!"

बाबांनी वर्तमानपत्र खाली ठेवलं. "पंधरा दिवसांपूर्वी तुम्ही उलट भांडत होतात. जागा बदलल्यात का? लाल घ्या आणि सुटा."

शेवटी ताई म्हणाली, "तूच ठरव, मोजपट्टी. तू ठरवशील ते मला मान्य." मग तिचा फोन वाजला. दंतवैद्य. त्यांच्या टीमच्या जॅकेटवर पाठीमागे मोठी दाढ आहे म्हणे. ताई खूप हसली, आणि गुरुवारपर्यंत कळवते म्हणाली.

दाढ!

सोमवार, २० ऑक्टोबर

"जा की" म्हणायचं नव्हतं. दुसरंच म्हणायचं होतं. लॅबमध्ये दिवसभर मनात जुळवलं. सोपं वाक्य आहे. घरी आले, ताई समोर कांदा चिरत होती. मी म्हणाले, "मीठ संपलंय."

मंगळवार, २१ ऑक्टोबर

दुपारी ताईला पाठवलेला निरोप, शब्दशः:

"ताई, मिशीवाल्यांना राखाडी सांगून आले. तिच्यात आपण शर्यतीत पहिल्या येणार नाही, हे मला माहीत आहे. गाडी एक आणि चालक दोन लागतात. माझ्याबरोबर चालवशील का? सुरुवात तू कर, नंतर मी बसेन. दंतवैद्यांकडे गेलीस तरी गाडी राखाडीच राहील, आणि त्यांच्या टायरमधली हवा मी तपासून देईन. नावं शुक्रवारी बंद होतात. गुरुवारी संध्याकाळपर्यंत उत्तर दे."