बाबांच्या मागे लागलेले पतंग

१२ सप्टेंबर

प्रिय धाकटे,

तुझ्या दोन पत्रांना उत्तर दिलं नाही, माफ कर. रोज डायरी लिहिणाऱ्याने वेळ मिळाला नाही म्हणणं शोभत नाही; हे पत्रही डायरीच्याच पानावर लिहितोय. खरं म्हणजे अर्धवट काही कळवायचं नव्हतं. माझ्या भाचीचा, चिमीचा, दमा आता कसा आहे?

सफरचंदातली अळी म्हणजे एका करड्या पतंगाचं पिल्लू, आणि तिच्यावर बाबांचा एकच उपाय, फवारणी, हे तुला ठाऊकच आहे. त्याच वासाने चिमीला धाप लागली, तू तशीच तिला घेऊन निघालीस ती पुन्हा आलीच नाहीस. म्हणून यंदा मी हट्ट धरला, एक हंगाम औषधाचा थेंब नको. ‘बाग अळ्यांना आंदण दे एकदाची,’ बाबा म्हणाले. पण पंपाला हात लावला नाही.

मग कामाचा रगाडा. फळं लिंबाएवढी झाल्यावर आईने आणि मी हाताला येतील तेवढ्यांवर कागदी पिशव्या बांधल्या. बुंध्यांना पन्हळी पुठ्ठा गुंडाळला. अळ्या कोष करायला त्यात शिरतात, मग तो काढून जाळायचा. गळालेली फळं रोज उचलायची. शिवाय चिकट सापळे. त्यांत मादी पतंगाच्या वासाची रबरी गोळी असते, नर येतात आणि चिकटून बसतात. ‘रबरावर कोण भाळतंय!’ म्हणत बाबांनी उरलेली एक गोळी हरवू नये म्हणून सदऱ्याच्या खिशात टाकली आणि विसरले. संध्याकाळी ओसरीवर बसले, तर छातीभोवती पतंगांचा पिंगा! ते हात झाडतायत, पतंग हटत नाहीत. आई म्हणाली, ‘अहो, या वयात एवढे मागे लागलेत, आणि तेही सगळे बाप्येच!’ मी हसून हसून बेजार. सकाळी पाहतो तर बाबा स्वतः शिडीवर चढून राहिलेले सापळे टांगत होते.

खोटं लिहिणार नाही. शेंड्याकडची, पिशवी न बांधलेली फळं बरीच किडली. बाकीची वाचली ती आमच्या खटपटीने, की यंदा थंडी लांबली म्हणून, हे मला अजून ठरवता येत नाही. पण टोपल्या भरतील एवढं नक्की.

काल जेवताना बाबा ताटाकडे बघतच म्हणाले, ‘तिला लिही, बागेत आता कसला वास नाही म्हणावं.’ आई म्हणाली, ‘तुम्हीच लिहा की.’ तर म्हणे, ‘माझं अक्षर तिला लागत नाही.’ आज मला न सांगता ते पंप मोडीत देऊन आले. शेजारच्या बागवानानेही तोडणी संपेपर्यंत फवारणार नाही असा शब्द दिलाय. तो मागायलाही बाबाच गेले होते. तू आली नाहीस तर ते काही बोलणार नाहीत, आणि तेच मला बघवणार नाही. चिमीला घेऊन ये.

तुझाच,
दादा

उद्याचं काम: तोडणाऱ्यांना बजावणे, खालच्या फांद्यांवरची फळं चिमीसाठी ठेवायची आहेत.