अम्माच्या घंटीचे सेल

मुक्काम महाड

भाऊ मुराद यास बेगम आपाकडून सलाम आणि दुवा. दुबईत तब्येत कशी हाय, खोकला गेला का, ते कळव. आम्ही इथं खुशाल, असं लिहायची रीत हाय, पण खुशाल नाय, म्हणून लिहीत नाय. फोनवर सांगितलं असतं, पण फोन अम्माच्या खाटेपाशी, ती सगळं ऐकते.

ईदला आलास तेव्हा चुलीपाशी बसून तू तुझं काम समजावलंस. विमान आता मशीनच चालवतं, पायलट नुसती राखण करतो, आणि त्याचं ध्यान कधी उडतं ते तू नकली विमानात त्याच्या पाठीमागं बसून बघतोस. (पेंगणाऱ्या माणसाकडं बघायचा पगार मिळतो हे मला ठाऊक नव्हतं. मी घरात रोज फुकट बघते.) मशीन गप्प हाय म्हणजे सगळं ठीक, असं पायलट धरून चालतो आणि तिथंच फसतो, असं बोललास. मला पटलं. मग उठलास आणि अम्माच्या खाटेला बटण लावलंस, आणि ते दाबलं की वाजणारी घंटी माझ्या चुलीवरच्या भिंतीला. आधी तिला कोण हवं असलं की ती पानदानावर अडकित्ता आपटायची, आख्खा मोहल्ला जागा व्हायचा. तो अडकित्ता तू कपाटावर ठेवलास. दोन-दोन आवाज असले की माणूस गोंधळतो म्हणे. तुझा अभ्यास, मी काय बोलणार!

तू गेलास आणि घंटी सुटली. भात उतू जातोय, घंटी. मासेवालीशी भांडतेय, घंटी. धावत जावं तर अम्मा म्हणणार, तुला कोणी बोलावलं गो? जा आपल्या कामाला.

मग एक दिवस घंटी गप्प. मला वाटलं, कंटाळली म्हातारी. मी परसात निवांत धुणं घेऊन बसले. पूर्वी मी मधून मधून तिच्याकडं डोकावायची, ते कधीच सुटलेलं, घंटी हाय ना! आणि तुझ्या दुल्हाभाईंनी, आमच्या ह्यांनी, काय केलेलं? वीज गेली, टीव्ही बंद, म्हणून घंटीतले सेल काढून रेडिओत घातलेले, क्रिकेट ऐकायला. अम्मा पाण्यासाठी बटण दाबत राहिली, शेवटी आपली आपण उठली आणि उंबऱ्यात पडली. मी आले तर रेडिओ बोंबलतोय आणि हे टाळ्या वाजवतायत. मी काय बोलले ते कागदावर मावणार नाय.

खुब्याचं हाड मोडलंय. डॉक्टर बोलला, या वयात आता उठणं कठीण. जेवणही तुटलंय, दोन घास घेते आणि ताट सारते. अडकित्ता मी तिला परत दिलाय. आपटायला जोर नाय, आवाज निघत नाय. आता मीच तिच्यापाशी बसते. चूल दुल्हाभाई बघतात, म्हणजे आम्ही सगळेच अर्धपोटी.

तुझी आपा
बेगम

ता. क. सेल पाठवू नकोस. महाडात मिळतात.

आणखी एक. नवे सेल घातले तरी अम्माचं तेच. बटण दाबते आणि मी पुढं झाले की तोंड फिरवते. काल खडसावून विचारलं. म्हणाली, जाताना मुराद बोललाय, अम्मा, बटण दाब, मी हाजर. घंटी तुझ्याकडं वाजते असं ती धरून चाललीय. मी सांगितलं, तो विमानाच्या कामात अडकलाय. तिनं विचारलं, विमान कोण चालवतं? बोलले, मशीन. तर म्हणते, मग त्याला यायला काय होतंय?

याचं उत्तर तूच दे. पण लिहू नकोस. येऊन तिच्या तोंडावर सांग.