दोन ईस्टरांच्या मधे

लेनिनग्राड,
१७ एप्रिल १९७९

प्रिय लूर्डसबाय,

तुझं पत्र फिरत फिरत हाती आलं. आधी ते जहाजाच्या पत्त्यावर गेलं, पण जहाज मला इथे टाकून केव्हाच निघून गेलेलं. मग कंपनीच्या एजंटाने इस्पितळात आणून दिलं. पायाची काळजी करू नकोस. प्लॅस्टर काढलं, काठी टेकत जिन्यापर्यंत जातो. जेवणाचं पातेलं घेऊन डेकवरून जाताना बर्फावर घसरलो आणि मांडीचं हाड मोडलं, एवढंच. इथला बर्फ म्हणजे कुल्फीवाल्याच्या पेटीतला नव्हे बाय. अख्खं बंदर गोठतं. पुढे एक जहाज तो फोडत चालतं आणि मागून आपलं शिरतं.

तू लिहिलंस की गॅब्रिएलने तुला मागणी घातलीय, आणि पाऊस लागायच्या आत त्याला नाही म्हणून कळवून टाकणार. आलोशियसकाका म्हणाला, "टोपलीवालीच्या घरात गिरीजची पोरगी द्यायची? आपण वाडीवाले, ते बंदरावरचे!" आणि खाली तू मला दम भरलास, "प्लासिड, तू यात तोंड घालू नकोस." आता मी तोंड नाही घातलं तर मी तुझा भाऊ कसला? काकाला विचार, त्या टोपलीतली पापलेटं त्याच्या घशाखाली उतरतात तेव्हा वाडीची असतात की बंदराची? गॅब्रिएलच्या पाचूबंदरची माणसंही आपल्यासारखीच गुडघे टेकतात, त्याच मिस्सेला आमेन म्हणतात. पण ते राहू दे. आधी तुला इथल्या एका म्हातारीची गोष्ट सांगतो. लांबण लावतोय म्हणशील. लावू दे, पडून पडून दुसरं काम नाही.

इथे वॉर्ड झाडणारी, जेवण वाढणारी बाई असते, तिला सगळे न्यान्या म्हणतात. आपण दाई म्हणतो तसं. आमच्या न्यान्याचं नाव मार्फा, म्हणजे आपली मार्था. हाताला पोलाद आणि तोंडाला कुलूप. पहिल्यांदा तिने सूप आणून ठेवलं तेव्हा मी सवयीने क्रुसाची खूण केली. तू शिकवलीस तशी: कपाळ, छाती, डावा खांदा, उजवा खांदा. म्हातारी थबकली. इथलं सरकार देवाला मानत नाही, चारचौघांत असलं कोणी करत नाही. तिने दाराकडे बघितलं, मग सरळ येऊन माझा हात धरला आणि माझ्याकडून पुन्हा खूण करवून घेतली, दोन बोटं जुळवून, उजवा खांदा आधी. मला वाटलं, म्हातारी चुकली. मी हात सोडवून आपली केली. तिने पुन्हा तिची करवली. आमची अशी कुस्ती चाललेली आणि बाजूचे पेशंट हसून हसून खोकायला लागले. सूप गार झालं. त्यानंतर दोन-चार दिवस ती माझी थाळी आपटूनच ठेवायची.

उलगडा केला नीनाने. ही इथल्या युनिव्हर्सिटीतली पोरगी, मराठी शिकते. खरंच सांगतो, मराठी! माझ्या कागदांवर भाषा वाचून इस्पितळवाल्यांनी तिला बोलावून घेतलं. आली ती हात जोडून म्हणाली, "महाशय, आपला पाय सांप्रत कसा आहे?" मला आधी हसू फुटलं आणि मग बाय, रडूच आलं. एवढ्या दूर माझ्याशी कोणी मराठी बोलेल असं स्वप्नातही नव्हतं. मी आनंदाने आपल्या गिरीजच्या बोलीत सुटलो, तर तिला अक्षर कळेना. मग फादर प्रवचनात बोलतात तसं जपून बोलू लागलो, तेव्हा जमलं. तिने जन्मात मराठी माणूस पाहिला नव्हता आणि पहिला मिळाला तो सहावीतून पळालेला!

ती रोज संध्याकाळी यायची आणि मला तिच्या लोकांची हकिगत सांगायची. शाळेत इतिहासाच्या तासाला मी खिडकीतून चिंचा मोजायचो, पण ही हकिगत मी तोंड उघडं टाकून ऐकली. हजार वर्षांपूर्वी त्यांचा एक राजा होता. त्याने ख्रिस्ताचा धर्म घेतला तो रोमकडून नाही, पूर्वेकडच्या राजधानीतून. आणि अख्ख्या शहराला नदीत उतरवून बाप्तिस्मा दिला. बाबा सांगतात ना, पोर्तुगीजांनी विहिरीत पाव टाकला आणि पाणी पिणारे सगळे बाटले? मी नीनाला तेच सांगितलं. त्यांना नदीत, आपल्याला विहिरीत. ती इतकी हसली की नर्सने येऊन तिला दटावलं.

मग रोम आणि पूर्वेकडचे भांडले आणि ख्रिस्ताचं घर दुभंगलं. म्हणून आपला डावा खांदा आधी, यांचा उजवा. युरोपने रशियाला म्हटलं, तुम्ही आमच्यातले नाही. पूर्वेकडून तातार आले, ते दोनशे वर्षं मानेवर बसले. पश्चिमेकडून चिलखत घातलेले सरदार छातीवर क्रूस लावून आले, त्यांना यांनी गोठलेल्या तळ्यावर अडवलं. पुढे एक राजा असा निघाला की त्याने युरोपसारखं व्हायचं म्हणून सरदारांच्या दाढ्या कापल्या, त्यांना तिकडचे कोट घातले आणि दलदलीत हे शहर उभारलं. किती मजूर त्या चिखलात गेले देव जाणे. नंतर मोठ्या घरची माणसं आपसात फ्रेंच बोलायला लागली, आणि तेच फ्रेंच तोफा घेऊन मॉस्कोपर्यंत आले. त्यांना हाकलत हे लोक पॅरिसपर्यंत गेले. तरी युरोप म्हणतो, तुम्ही अर्धवट. आणि इथेही अजून वाद चालूच, की आपण युरोपचे की नाही. मला आपली माणसं आठवली. वसईच्या बाजारात आपल्याला पोर्तुगीज म्हणायचे, आणि पोर्तुगीजांच्या लेखी आपण काळे. किल्ला पडला, ते निघून गेले, आपण आपले लुगडं नेसून मारीयेला हाका मारत केळी लावत राहिलो. कोणाचे म्हणून विचारलं तर काय सांगायचं, ते मलाही धड ठाऊक नाही.

आता म्हातारीच्या बोटांचं ऐक. तीनशे वर्षांपूर्वी यांच्या धर्मगुरूंनी हुकूम काढला की क्रुसाची खूण दोन बोटांनी नाही, तीन बोटांनी करायची. कित्येक लोक ऐकेनात. त्यांच्या जिभा कापल्या, जाळलं. काहींनी बायकापोरांसकट घरात कोंडून घेतलं आणि आतून आग लावली, पण तिसरं बोट जुळवलं नाही. मार्फा त्या दोन बोटांवाल्यांतली. तिचं गाव त्याच तळ्याच्या काठी, जिथे ते सरदार अडवले होते. गाव कांदा लावणाऱ्यांचं. पलीकडच्या खाडीला मासे धरणाऱ्यांचं गाव, ते तीन बोटांवाले. हे त्यांचे मासे घ्यायचे, ते यांचे कांदे. पण सोयरीक? नाव काढायचं नाही.

मार्फाची थोरली बहीण उल्याना. आई लवकर गेली, म्हणून हिनेच मार्फाला वाढवलं. पलीकडच्या गावातला एक मासेवाला तिला मागायला आला. चांगला, कष्टाळू माणूस. गाव म्हणालं, तीन बोटांवाला. उल्यानानेही तेच कारण पुढे केलं आणि त्याला परत पाठवलं. मार्फा तोवर या शहरात कारखान्यात लागलेली. मग जर्मन आले. या शहराला वेढा पडला, माणसं कातडं उकळून खात होती, त्यातून मार्फा वाचली. तिकडे जर्मनांनी दोन्ही गावांतली माणसं, उल्यानासकट, एकाच कोठारात कोंडली आणि पेटवून दिली. बोटं कोणी विचारली नाहीत. तो मासेवाला फौजेत होता म्हणून उरला. लढाई संपल्यावर मार्फाला शोधत आला आणि एवढंच म्हणाला, "तिने माझ्यासाठी कधी काही सांगितलं होतं का?"

हे सांगताना म्हातारी रडली नाही. नीना मराठी करून सांगताना रडली. मग मार्फा म्हणाली, "पश्चिमेकडून शंभर-शंभर वर्षांनी कोणीतरी येतं, कधी क्रूस घेऊन, कधी तोफा घेऊन. तोवर आम्ही आपसात बोटं मोजत बसलेलो असतो." मी तिला विचारलं, मग माझा हात का धरलास? तर म्हणाली, "सवय रे पोरा. सवय मरत नाही."

परवा आपला ईस्टर झाला. इथे कोणाला पत्ता नाही, कारण यांचं जुनं पंचांग, यांचा ईस्टर येत्या रविवारी. मी सकाळी एकटाच आपली प्रार्थना पुटपुटत होतो, तोच मार्फा आली. सुट्टी होती तिची, तरी आली. पदराआडून काढावं तसं कोटाच्या आतून एक अंडं काढलं, कांद्याच्या सालीत उकडून लाल केलेलं. अजून तिचा उपास चालू, ती अंडं तोंडाला लावतसुद्धा नाही. नीनाकडून माझी तारीख विचारून घेतली होती म्हणे. मी अंडं हातात घेतलं आणि खूण केली, डावा खांदा आधी. ती बघत राहिली. मग तिने आपली केली, दोन बोटांनी, उजवा आधी. दोघांनी एकदमच "आमेन" म्हटलं. बाय, कॅथेड्रलमधल्या मोठ्या मिस्सेतही माझं मन असं भरून आलं नव्हतं.

पडल्या पडल्या मी देवाचे आभार मानतो तेव्हा यादीत पहिली तूच येतेस. आई गेली तेव्हा मी केवढा होतो! तू मला दप्तरासकट शाळेत ओढत न्यायचीस आणि मी मागच्या वाटेने तुझ्याआधी घरी यायचो. बाबांच्या माराच्या आड तू उभी राहायचीस. जहाजावर जातो म्हटलं तेव्हा सगळे म्हणाले, पोरगं बिघडलं. तू एकटीच वाळवलेल्या केळ्यांची, आपल्या सुकेळीची पुडी बांधत बसलीस आणि म्हणालीस, "जाऊ दे, त्याला आभाळ बघू दे." तुझ्यामुळे मी अर्धं जग पाहिलं, लूर्डस. आणि तू गिरीजच्या बाहेर गेलीस ती जत्रेपुरती.

आता खरं लिहितो. तुझं पत्र मी नीट वाचलंय. काकाचं, लोकांचं मोठ्या अक्षरात लिहिलंस. आणि अगदी खाली, कागद संपता संपता, "बाबांना दिसायचं बंद झाल्यापासून त्यांना विहिरीपाशी एकटं सोडवत नाही." उल्यानाही म्हाताऱ्या बापासाठीच थांबली होती, मार्फाला ते फार उशिरा कळलं. मला वेळेत कळलं. काल एजंट कागद घेऊन आला होता, डॉक्टरांनी पाय पास केलाय, मे महिन्यात कॅनडाला जाणाऱ्या जहाजावर जागा आहे. कॅनडा! तुला माहीत आहे मला किती हौस. मी सही केली नाही. मुंबईला जाणाऱ्या जहाजाने घरी येतोय, आणि राहायला येतोय. वाडीला पाणी मी सोडीन, बाबांना मिस्सेला मी नेईन, भात करपला तर दोघं करपलेला खाऊ. हे मी तुझ्यावर उपकार म्हणून करत नाही, माझा वाटा उचलतोय. गॅब्रिएलला मी येईपर्यंत काही कळवू नकोस. नंतर तुझ्या मनाला येईल ते सांग. नाही म्हणायचं असेल तर तो तुला आवडत नाही म्हणून म्हण. आमच्या दोघांसाठी म्हणू नकोस.

तुझाच धाकटा,
प्लासिड