पास्कलच्या टेम्पोचा टेन्शनर

मंगळ, ४ नोव्हें.
पास्कलचा टेम्पो आज टोचन लावून मुर्ध्याला माझ्या गॅरेजात आणला. महिन्यापूर्वी चौक गावच्या चढावर इंजिन बंद पडलं, मासळीने भरलेला टेम्पो मागे घसरत गेला, उलटला. पास्कलचा उजवा पाय गुडघ्याखाली कापावा लागला. गावात बोलतात, प्यायला होता.
त्याची बायको मेलिन टेम्पोबरोबर आली. "तो पित न्हाय, तुला ठाव हाय. इंजिनात काय झालं ते बघ न् सांग."
टायमिंग बेल्ट सप्टेंबरात मीच बदलला होता.

बुध, ५
कव्हर उघडलं नाही. दिवसभर दुसऱ्यांच्या गाड्या.
रस्ता कमिटीवाले आले. रविवारी सभा. स्टेजवर कुबड्या घेऊन पास्कल हवाय, शेजारी भाषणाला नेहमीसारखा मी. ठेकेदाराने चढाची वाट लावली, त्यावर बोलायचं. हो म्हणालो. नाही म्हणायला कारण काय सांगणार?

शुक्र, ७
उघडलं. बेल्टने जोडलेल्या दोन चाकांपैकी खालच्या क्रँकची खूण जागेवर आणली, तर वरच्या कॅमची खूण तीन दात मागे. बेल्ट नवा, दात शाबूत, पण ढिला, दोन बोटांत सहज पिळला जातो. चढावर जोर आला, बेल्टने दात सोडले, व्हॉल्व्ह भलत्या वेळी उघडले, इंजिन मेलं. इंजिन मेलं की ब्रेकही दगडासारखा घट्ट, दाबला जात नाही.
बेल्ट ताणून धरणारा टेन्शनर काढला. बोटाने फिरवला. घरघर. बेअरिंग गेलेलं.
सप्टेंबरात असाच फिरवून पाहिला होता. तेव्हाही घरघरला. थोडा. नवा भाईंदरहून आणायचा तर संध्याकाळ गेली असती, आणि पाचला माझं भाषण. "चालेल," म्हणालो, जुनाच परत बसवला. पास्कलनेच मला त्या टेम्पोतून सभेला सोडलं.
विषय बेजबाबदारीचा होता. टाळ्या भरपूर.

शनि, ८
घरघर फ्रिजमध्ये. मिक्सरमध्ये. पंखा बंद करून बसलो तरी.
आयुष्यभर पुस्तकांतले अपराधी वाचले. त्यांनी काहीतरी मोठं केलेलं असायचं. माझं एक "चालेल".
भाषण लिहायला घेतलं. 'ज्याच्या हातून झालं त्याने पुढे यावं.' हे वाक्य नेहमीसारखं आपोआप आलं. पुढे हात चालेना.
पास्कलकडे गेलो, सांगायचंच म्हणून. नसलेला पाय खाजवायला हात जातो म्हणून तो स्वतःच हसत होता. मग म्हणाला, "माझाच पाय क्लचवर चुकला असंल रे. एवढी लोकं बोलतात ती काय खोटी?"
मी चहा संपवला. आणि उठलो.

रवि, ९, दु. ४
पास्कल न् मेलिन खाली रिक्षात. त्यांना सभेला न्यायचं मीच कबूल केलं होतं. चष्मा राहिला सांगून वर आलोय. चष्मा डोळ्यांवरच आहे.
भाषणाचा कागद झब्ब्याच्या डाव्या खिशात. उजव्यात फडक्यात गुंडाळलेला टेन्शनर. त्या बाजूने झब्बा खाली ओढला जातो. दोन्ही बरोबर घेतलेत. दोन्ही बाहेर काढता येणार नाहीत.
पास्कल खालून ओरडतोय, "नेत्या, भाषण आरशाला देतोस काय?"
मेलिनने मघाशी रिक्षात बसतानाच विचारलं, इंजिनात काय निघालं. सांगतो म्हटलं.
"कवा?"
ती पहिल्या रांगेत बसणार आहे.