नोंद क्रमांक २१२ ची दुरुस्ती

मी, शैला विनय मेश्राम, वय वर्षे बहात्तर, केंद्र सरकारच्या नोकरीतून निवृत्त, मूळची पुलगाव, जिल्हा वर्धा येथील, सध्या राहणार वसुंधरा, गाझियाबाद, हे मृत्युपत्र स्वतःच्या हाताने लिहीत आहे. कोणी लिहायला सांगितलेले नाही आणि कोणी अडवलेलेही नाही. बुद्धी शाबूत असल्याचा डॉक्टरांचा दाखला सोबत जोडला आहे. माझा स्वतःचा भरवसा मात्र वेगळ्या गोष्टीवर आहे. आज सकाळी चहा होईपर्यंत मी एक ते हजारमधल्या मूळ संख्या तोंडी म्हणून पाहिल्या, त्या बरोबर एकशे अडुसष्ट भरल्या. हृदय तेवढे मंदावले आहे, आणि त्यात आता सुधारणा होणार नाही असे कळले आहे.

२०१८ साली मी एक मृत्युपत्र केले होते, ते रद्द समजावे. त्यात "माझी मुलगी समता हिला माझ्या वस्तूंमध्ये रस नाही" असे वाक्य आहे. ते मी मागे घेते. का, ते पुढे येईल.

कलम १. घर. वसुंधरेतील हा तिसऱ्या मजल्यावरचा फ्लॅट माझा व माझे दिवंगत पती विनय यांच्या स्वकष्टार्जित पैशातून घेतलेला आहे. तो माझी एकुलती एक मुलगी समता हिला मिळावा. तिने तो विकला तरी माझी हरकत नाही. गुरुग्रामहून इथे यायला तिला मेट्रो बदलावी लागते, वर रिक्षा, आणि एवढे करून येते ती सोफ्याच्या कडेवर, पर्स मांडीत घेऊन बसते. ज्या घरात ती पाठ टेकत नाही, ते घर सांभाळ असे मी तिला कोणत्या तोंडाने सांगू.

कलम २. बँकेतील ठेवी व पेन्शनची जी काही शिल्लक राहील ती माझी नात श्रावस्ती हिच्या शिक्षणासाठी. काय शिकायचे ते तिचे ती ठरवेल. हे कलम लिहीत होते तेव्हा ती शेजारीच बसली होती. म्हणाली, "आजी, वारस मतलब?" मी म्हटले, "मतलब तू." तर म्हणते, "अच्छा, मग मला तो रबरवाला कॉम्प्युटर पण मिळणार?" ते मिळणार नाही. त्याचे कलम वेगळे आहे.

कलम ३. विनयची पुस्तके बुद्धविहाराच्या वाचनालयात द्यावीत. मराठी गोष्टींची पुस्तके पहाडगंजच्या मराठी शाळेला द्यावीत. समता आर. के. पुरमहून दोन बस बदलून त्या शाळेत जायची, आणि मी म्हणायचे, दिल्लीत राहून मराठी कच्ची राहता कामा नये. मराठी पक्की झाली. माझ्याशी बोलताना समता ती आता फारशी वापरत नाही.

कलम ४. माझे दीर संग्राम यांना एक बारीक पेचकस, म्हणजे स्क्रूड्रायव्हर, द्यावा. १९८९ साली त्यांनी साखरपुड्यात गाणी लावायला आमचा टेपरेकॉर्डर नेला आणि आतले कॅसेट वाचणारे डोके (हेड) वाकडे करून परत आणला. तेव्हापासून कॅसेटवरचा प्रोग्रॅम कॉम्प्युटरमध्ये भरताना दर वेळी त्या पेचकसाने डोके सरळ करावे लागते. "मैंने तो हाथ भी नहीं लगाया, भाभी" असे ते अजून म्हणतात. पेचकस त्यांनी देव्हाऱ्यात ठेवला तरी चालेल, आमच्याकडे देव्हारा नाही म्हणून सुचवते.

कलम ५. कॉम्प्युटर. यात स्पेक्ट्रम नावाचा रबरी बटणांचा घरगुती कॉम्प्युटर, त्याला जोडायचा छोटा जुना टीव्ही, वरील टेपरेकॉर्डर, प्रोग्रॅम आवाजाच्या रूपात साठवायच्या एकोणतीस कॅसेटी, सोल्डरिंग आयर्न, मल्टिमीटर, हाताने दाबायचे एक स्टॉपवॉच आणि मोजलेल्या वेळा लिहायची वेळवही एवढे येते.

१९८७ च्या मे महिन्यात चाणक्यपुरीतले एक परदेशी कुटुंब दिल्ली सोडताना सामान विकत होते. विनय तिथे कूलर आणायला गेले आणि हे घेऊन आले. तो उन्हाळा आम्ही कूलरविना काढला आणि सहा दिवस मी त्यांच्याशी बोलले नाही. सातव्या दिवशी मी त्या कॉम्प्युटरकडून एक सरासरी काढून घेतली. त्यानंतर विनयना त्याला हात लावायला माझी परवानगी लागायची.

लोक त्यावर खेळ खेळत. मला एकच नाद लागला, की हे यंत्र आहे त्याहून जलद कसे चालेल. कसोटीही एकच ठेवली, एक ते हजारमधल्या मूळ संख्या शोधायच्या. पहिली वेळ आली ६१.४ सेकंद. मग दर संख्या पडद्यावर छापणे बंद केले, ओळी एकत्र केल्या, आणि तीन वर्षांत मी ती ५२.८ वर आणली. यंत्रात स्वतःचे घड्याळ होते, पण ज्याची परीक्षा त्यानेच गुण द्यायचे हे मला पटत नसे. म्हणून स्टॉपवॉच. ते माणूस दाबतो, तेव्हा माणसाची चूक धरायला हवी. रेडिओच्या वेळेच्या टोल्यांवर मी प्रत्येकाचा हात तपासून ठेवला होता. विनयचा हात चार दशांश सेकंद उशिरा, माझा एक दशांश. समताचा तपासला नव्हता. ती लहान आहे, तिच्या हाताची चूक काय धरायची, असे मी म्हटले होते.

कलम ६. नोंद क्रमांक २१२. हे कलम मालमत्तेचे नाही, पण माझ्या मृत्युपत्रात काय लिहायचे ते मी ठरवीन.

रविवार, २३ सप्टेंबर १९९०. मी भाजी घेऊन क्वार्टरवर आले. समता अकरा वर्षांची होती. दारातच म्हणाली, "आई, त्रेचाळीस पॉइंट सहा आला."

मी म्हटले, "घड्याळ आधीच दाबलं असशील."

"नाही दाबलं. मी तुझी प्रस्तावना मागं टाकली."

माझ्या प्रोग्रॅमच्या डोक्यावर सत्तर ओळींची प्रस्तावना असे. प्रोग्रॅमचे नाव, करणारीचे नाव, आवृत्ती, कोणत्या तारखेला काय बदलले. फाइलींची सवय, दुसरे काय. त्या ओळी नुसते शेरे असतात, यंत्र त्यावर काही करत नाही, म्हणून मला त्या निरुपद्रवी वाटत. पण मोजणी करताना जितक्या वेळा एखाद्या ओळीवर परत जायचे, तितक्या वेळा हे यंत्र ती ओळ अगदी पहिल्या ओळीपासून शोधत येते. माझी सत्तर ओळींची बडबड ते दर वेळी ओलांडत होते. समताने मोजणी वर घेतली आणि प्रस्तावना खाली ढकलली. एवढेच. हे तिला कोणी शिकवले नव्हते.

मी तिला पुढे बोलू दिले नाही. माझी मूळ कॅसेट लावली, माझा प्रोग्रॅम भरला आणि तिच्या देखत चालवला. ५२.८. "बघ," मी म्हटले. माझा प्रोग्रॅम भरताना तिचा मेमरीतून पुसला गेला आणि मी भलताच प्रोग्रॅम तपासला, हे माझ्या डोक्यात आले नाही. विनय म्हणाले, "अगं शैला, पोरीचं ऐकून तरी घे." मी म्हटले, "आकड्यांत लाड चालत नाहीत." आणि वेळवहीत लाल शाईने लिहिले: "२१२. ४३.६. अग्राह्य. घड्याळ चुकीचे दाबले." ती माझ्या खांद्यामागे उभी राहून वाचत होती. मग तिने घड्याळ डबीत ठेवले, डबी कपाटात ठेवली, आणि पुन्हा कधी हातात घेतली नाही.

हे कोणी केले, तर मी. माझ्या कार्यालयात माझा आकडेवारीचा तक्ता दुसऱ्याने तपासल्याशिवाय पुढे जात नसे. इतरांचा जाई. साहेब माझ्यासमोरच सांगायचे, "मैडम की शीट एक बार और देख लेना." का, ते तेही जाणत होते आणि मीही. पुलगावच्या वस्तीतून आलेल्या बाईची बेरीज बरोबर असेल यावर त्यांचा विश्वास बसत नव्हता. अठ्ठावीस वर्षांत एकही चूक सापडली नाही, तरी तपासणी थांबली नाही. त्या अपमानाने मी रोज जळत घरी यायचे, आणि घरी माझ्या पोरीचा बरोबर आकडा मी खोटा ठरवला.

समताचे लग्न मोडले ते मला आठ महिन्यांनी आणि बाहेरून कळले. मी विचारले, मला का नाही सांगितलंस. ती शांतपणे म्हणाली, "तू आधी पुरावा मागितला असतास, आई." तेव्हा मला त्याचा राग आला होता. आता येत नाही.

कलम ७. पुरावा. मागच्या वर्षी मार्चमध्ये मी यंत्राचे आटलेले कपॅसिटर बदलले आणि जुन्या कॅसेटी एकेक लावून पाहत होते. त्यात विनयची भीमगीतांची कॅसेट निघाली. दुसऱ्या बाजूचे शेवटचे गाणे संपले आणि कर्रर्र असा आवाज सुरू झाला. तो प्रोग्रॅमचा आवाज मी झोपेतही ओळखते. कॅसेट मागे घेतली, पेचकसाने डोके सरळ केले आणि भरू दिले. पडद्यावर नाव आले, इंग्रजी अक्षरांत समता आणि पुढे ४३.६. पोरीने मला सांगायच्या आधीच तो जपून ठेवला होता.

मी तो अकरा वेळा चालवला. माझ्या हाताचा एक दशांश वजा केल्यावर सरासरी ४३.६ आली. म्हणजे तिच्या हातात काहीच चूक नव्हती. घरात सगळ्यांत खरा हात तिचा होता. श्रावस्ती तेव्हा इथेच होती. एक फेरी तिने फोन बाजूला ठेवून पाहिली आणि म्हणाली, "आजी, रडते आहेस का?" मी हो म्हटले.

मी समताला फोन केला. ती म्हणाली, "कोणता प्रोग्रॅम, आई? मला काही आठवत नाही. मीटिंगमध्ये आहे, रविवारी बोलू." रविवारी आम्ही माझ्या गोळ्यांबद्दल बोललो. तिला खरेच आठवत नाही की बोलायचे नाही, ते मला ठाऊक नाही. आठवत नाही म्हणाली, मी ते मानले. पण तिने एकदा सोफ्यावर नीट बसावे, चप्पल काढून पाय वर घ्यावेत, आणि त्या दिवशी काय काय केले ते मला सांगावे, एवढे मला फार हवे होते. अजून हवे आहे. दर रविवारी तिचा फोन येतो तेव्हा मला वाटते, आज ती आपणहून बोलेल.

वेळवहीत मी लाल शेरा खोडलेला नाही. खोडले की आधी काय लिहिले होते ते दिसत नाही, आणि ते दिसले पाहिजे. त्याखाली आज तारीख घालून लिहिले आहे: "ग्राह्य. वेळ बरोबर. प्रोग्रॅम समताचा. चूक तपासणाऱ्याची. — शैला मेश्राम."

कलम ८. कलम ५ मधील सर्व वस्तू समताला मिळाव्यात. तिला नको असतील तर तिने त्या श्रावस्तीला द्याव्यात. वेळवही मात्र समतानेच ठेवावी.

कलम ९. या मृत्युपत्राच्या व्यवस्थापक म्हणून माझ्या शेजारीण क्षिप्रा साठे यांना नेमते. क्षिप्राताई, तुम्हाला हे वाचून दाखवायचे आहे. मी पुन्हा तेच केले, घर, ठेवी, पुस्तके, पेचकस, सगळे वर आणि कामाचे खाली. म्हणून वाचायला बसाल तेव्हा कलम ६ पासून सुरुवात करा. घराचे मागाहून सांगितले तरी चालेल.

वाचून झाल्यावर यंत्र टीव्हीला जोडून द्यावे, भीमगीतांची कॅसेट लावून द्यावी, स्टॉपवॉच समताच्या हाती द्यावे आणि सर्वांनी खोलीबाहेर जावे. श्रावस्तीनेसुद्धा. समता बाहेर येऊन जी वेळ सांगेल ती वेळवहीत पुढची नोंद म्हणून काळ्या शाईने लिहावी. हाताची चूक धरू नये. दुसऱ्यांदा चालवून पाहू नये. तिने यंत्र सुरूच केले नाही आणि नुसती वेळ सांगितली, तरी तीच लिहावी.

हे मृत्युपत्र मी दोघा साक्षीदारांसमोर वाचून, समजून सही केले. त्यांनी माझ्यासमोर आणि एकमेकांसमोर सह्या केल्या.

(सही) शैला विनय मेश्राम

साक्षीदार:
१. (सही) क्षिप्रा साठे, वसुंधरा, गाझियाबाद
२. (सही) डॉ. विश्वनाथ भागवत, वैशाली, गाझियाबाद

ठिकाण: गाझियाबाद
दिनांक: १८ जानेवारी २०२६, रविवार. समताचा फोन यायचा आहे.